बर्फोबावर राज्य

बालवाडीतली मुलं नाताळच्या आठवड्यात जे जे स्वतःच्या हातांनी बनवतात, ते सगळं मावशी बनवते. शाळेत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि ठाऊक नसल्यासारखं वागायची सगळ्यांना सवय होती. अशी सवय पुरेशी मुरली की तिला शिस्त म्हणतात.

मावशी म्हणजे शाळेतली मदतनीस. नाकं पुसायची, चड्ड्या बदलायच्या, सांडलेलं दूध टिपायचं आणि डिसेंबर आला की 'दुरुस्ती' करायची. दुरुस्ती हा मोठ्या बाईंचा शब्द. मोठ्या बाई मुख्याध्यापिका. मुलांशी बोलताना त्यांचा आवाज साखरेत घोळलेला असे, आणि मावशीशी बोलताना तीच साखर धुऊन काढलेली.

दुरुस्तीची पद्धत ठरलेली. सकाळी मुलं पुठ्ठ्यावर कापूस चिकटवून बर्फाची माणसं करत. पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं बर्फोबा. कुणाच्या बर्फोबाचे डोळे पोटावर, कुणाचा एक हात लांबलचक, कुणाच्या कापसात शेंबूड. दुपारी पोरं घरी गेली की मावशी एकेक पुठ्ठा पुढ्यात घेई, डोळे खरवडून नवे लावी, नारिंगी कागदाचं नाक अगदी मधोमध बसवी. संध्याकाळपर्यंत छत्तीस बर्फोबा भरतीला आलेल्या शिपायांसारखे छाती काढून उभे. प्रत्येकाखाली पोराच्या नावाची चिठ्ठी : 'मी स्वतः केला.' तीही मावशीच लिही, डाव्या हाताने, म्हणजे अक्षर पोरासारखं दिसावं. त्या अख्ख्या भिंतीवर वाकडं असं तेवढंच राही, आणि तेही एका म्हातारीने मुद्दाम वाकडं केलेलं.

अकरा वर्षं हे बिनबोभाट चाललं. यंदा मात्र वर्गात ठिणगी होती.

ठिणगी ही मावशीची नात. वय साडेचार, वजन मूठभर, तोंड मणभर. मोठ्या बाईंनी तिला फीच्या सवलतीत घेतलं होतं, आणि ते उपकार आठवड्यातून दोनदा तरी बोलून दाखवले नाहीत तर त्यांना जेवण जात नसे.

त्या सकाळी मावशी डिंकाची वाटी घेऊन फिरत फिरत नातीपाशी आली. ठिणगीच्या बर्फोबाला कापूस होता, टोपी होती, मानेमागे लाल लोकरीच्या मफलरची गाठ होती. तोंड तेवढं नव्हतं.

"अगं, डोळे राहिले की."

"राहिले नाहीत. पलीकडे आहेत." ठिणगीने वरही पाहिलं नाही. "त्याच्यावर राज्य आहे. तो भिंतीकडे तोंड करून आकडे मोजतोय."

"आणि बाकीचे?"

"लपलेत." आजीला एवढंही कळत नाही, असा तिने उसासा टाकला. "आजी, माझ्याला हात लावायचा नाही. तू सगळ्यांचे बदलतेस, मला माहितीये. शपथ घे."

मावशीने इकडेतिकडे बघितलं. "शपथ."

दुपारी ठिणगीला तिची आई घेऊन गेली आणि मावशी दुरुस्तीला बसली. पस्तीस झाले. छत्तिसावा तिने गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला, तेवढ्यात मोठ्या बाई आल्या आणि त्यांनी नेमका तोच उपसला. ज्यांना मुलांच्या डोळ्यांतलं पाणी दिसत नाही, त्यांना असलं बरोबर दिसतं.

"याला तोंड नाही."

"आहे बाई. पलीकडच्या बाजूला आहे. तो पाठमोरा आहे."

बाईंनी पुठ्ठा उलटला. "पलीकडे बिस्किटांची जाहिरात आहे."

"लपाछपी खेळतोय तो. राज्य आहे त्याच्यावर."

"मावशी, उद्या अध्यक्षीणबाई येणारेत. बिनतोंडाचा माणूस भिंतीवर लावायचा? मूल आजारी आहे म्हणतील. आणि ते तुमच्याच घरचं. सवलतीत आहे ना ती?"

मावशीचा हात थांबला. नातीला दिलेला शब्द एका बाजूला, नातीचं बाक दुसऱ्या बाजूला. गरिबाला पेच असा टाकतात, की त्याने काहीही केलं तरी चूक त्याचीच. तिने काळ्या कागदाचे दोन गोल उचलले, चिकटवले, मधे नाक, खाली हसू. मोजणाऱ्या बर्फोबाची मान एका मिनिटात मुरगळली गेली.

"बघा, कसा गोड दिसतोय!" मोठ्या बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पालक आले. प्रत्येक जण आपल्या पोराची चिठ्ठी शोधून बर्फोबापुढे फोटो काढत होता. "आमच्याकडे कला रक्तातच आहे," एका मुलाचे वडील म्हणाले. त्यांच्या मुलाने आदल्या दिवशी सकाळभर डिंक खाल्ला होता. अध्यक्षीणबाई हे संस्थेचं सर्वांत महागडं फर्निचर, त्या मधोमध खुर्चीत बसून म्हणाल्या, "किती नैसर्गिक!"

ठिणगी भिंतीपाशी गेली. लाल मफलरवरून तिने आपला बर्फोबा ओळखला. मग तिला डोळे दिसले. आता भोकाड पसरेल, असं मावशीला वाटलं.

ठिणगी रडली नाही. ती वळली आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आजी, हा बघतोय! रडीचा डाव खेळतोय हा!"

फोटो काढणारे सगळे वळले.

"मी तुला हात लावू नको म्हटलं होतं. तू शपथ घेतलीस."

"ठिणगीबाळ," साखर पुढे आली, "बघ बरं, तू किती छान डोळे लावलेस!"

"मी नाही लावले. आजीने लावले. सगळ्यांचे आजीच लावते."

मोठ्या बाईंनी मावशीकडे पाहिलं. नाही म्हण, एवढाच हुकूम होता त्या नजरेत. 'काहीतरीच बोलते पोरगी' असं मावशीने हसून म्हटलं असतं, तर सगळे हसले असते आणि चहा आला असता. नोकरी राहिली असती, सवलत राहिली असती. आणि ठिणगी जन्मभर धरून चालली असती, की आजी खोटं बोलते आणि खरं बोलणाऱ्याला वेडं ठरवतात.

मावशी पदराला हात पुसत भिंतीपाशी गेली. तिने बर्फोबाचं नाक उपटलं, हसू सोलून काढलं. एक डोळा काढला. दुसरा काढताना थोडा कापूस आला, तो तिने बोटाने नीट दाबून बसवला.

"चुकलं माझं," ती नातीला म्हणाली. "आता बघत नाही तो."

"माझ्याचं पण काढ!" डिंक खाणारा ओरडला. "माझा उताणा पडला होता!"

"असू दे रे, हा छान आहे," त्याचे वडील म्हणाले.

"पण हा माझा नाहीये!"

मग कोण कुणाचं ऐकतंय? पोरं भिंतीवर तुटून पडली. नाकं उडाली, चिठ्ठ्या फाटल्या, कापूस अध्यक्षीणबाईंच्या केसांत जाऊन बसला. दोन आया आपापल्या पोराच्या हातातून सुबक बर्फोबा हिसकावून घेत होत्या, घरी कपाटावर ठेवायला. मोठ्या बाईंनी टाळ्या वाजवून जाहीर केलं, की हा शाळेचा नवा उपक्रम आहे, आणि काही पालकांनी त्यालाही टाळ्या दिल्या.

मग साखर बाजूला ठेवून त्या मावशीच्या कानाशी आल्या. "उद्या सकाळी ऑफिसात या. नातीचे कागद घेऊन."

"येते," मावशी म्हणाली.

भिंतीपाशी ठिणगी बर्फोबाच्या वतीने मोठमोठ्याने मोजू लागली होती. चार, पाच. पोरं खुर्च्यांखाली, पडद्यामागे, कुणाच्याही बापाच्या पायांमागे घुसत होती.

"हे काय चाललंय मावशी?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"नंतर बोलू बाई," मावशी पडदा सारत म्हणाली. "आधी लपा. दहा होत आले."