हिरवी खूण

मी अनुपचा मोबाइल. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवत आलो, आज पहिल्यांदा स्वतःचं सांगतो आहे. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखे दिवस फार नाहीत. नऊच आहेत. तेवढे ऐका.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. डोळे उघडले ते दर्यापूरच्या एका दुकानात. अनुप आणि प्रियदर्शनी दोघं मिळून मला घ्यायला आले होते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. अनुप दर्यापूर-अमरावती काळीपिवळी जीप चालवायचा. प्रियदर्शनी भातकुलीची, बी.ए. झालेली. सासरी गावातल्या सहा-सात मुलींची शिकवणी घ्यायची. दुकानदारानं मला पुढे सरकवलं तेव्हा अनुपनं माझा आवाज किती मोठा आहे ते बघितलं. प्रियदर्शनीनं माझ्यावर मराठी नीट उमटतं का ते बघितलं. 'जयभीम' लिहिलं, जोडाक्षर बरोबर आलं, आणि ती खूश झाली.

घेतलं दोघांनी, पण राहिलो मी अनुपजवळ. गाडीत स्टिअरिंगशेजारी एक स्टँड होतं, तेच माझं घर. माझं कुलूप उघडायचं ते फक्त अनुपच्या अंगठ्यानं. प्रियदर्शनी म्हणायची, "माहाबी अंगठा घ्या ना याच्यात."

"करून देतो ना. उद्या करतो," अनुप म्हणायचा. त्यात काही दुष्टपणा नव्हता. माणसं जी कामं सोपी असतात तीच उद्यावर टाकतात, हे मी फार जवळून बघितलं आहे.

एप्रिलमध्ये अमरावतीच्या दवाखान्यात प्रियदर्शनी बाळंत झाली. मुलगा झाला. तिनं दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव सुगत ठेवून टाकलं, कोणाची वाट बघितली नाही. शेवटच्या महिन्यात तिचं बीपी वाढलं होतं, म्हणून तिला चार दिवस ठेवून घेतलं. घरी सोडताना रश्मी नावाच्या नर्सनं अनुपला बाजूला बोलावलं आणि मला मागून घेतलं. एका संस्थेनं बाळंतिणींसाठी नवं अ‍ॅप काढलं होतं. ते तिनं माझ्यात घातलं.

"हे बघ दादा," रश्मी म्हणाली, "रोज सकाळी दहाला सहा प्रश्न येतील. डोकं दुखतं का, डोळ्यांपुढं अंधारी येते का, पोटात वरच्या बाजूला दुखतं का, सूज आहे का, अंगावरून जास्त जातं का, मन उदास राहतं का. एकाही प्रश्नाला 'हो' आलं की लाल खूण पडते. तुमच्या आशाताईला ती तिच्या मोबाइलवर दिसते आणि ती त्याच दिवशी घरी येते. सगळं 'नाही' असलं तर हिरवी खूण. पण उत्तर तिचं पाहिजे, तुझं नाही. बाळंतपण झालं म्हणजे बीपीचा धोका सरला, असं नसतं. समजलं?"

"समजलं मॅडम," अनुप म्हणाला. समजलंही होतं त्याला.

बाळंतपणाच्या पाचव्या दिवशी अनुप दहाच्या आत फेरी आटोपून घरी आला. प्रियदर्शनी बाजेवर बसली होती, सुगत मांडीवर होता. अनुप एकेक प्रश्न वाचायला लागला तशी तिनं हात पुढे केला. "द्या इकडं, मीच वाचतो." माझ्यावर तिची बोटं फिरली. पाच प्रश्न तिनं पटापट उरकले. सहाव्यावर थांबली. मन उदास राहतं का?

"हे कोणी इचारत नाही बाप्पा," ती म्हणाली. "बाळ कसं आहे, दूध येते का, सारे इचारतात. हे पयल्यांदाच कोणी इचारलं."

तिनं 'नाही' दाबलं, पण बराच वेळ विचार करून. हिरवी खूण आली. मला परत देताना तिनं माझी काच पदरानं पुसली होती.

सहाव्या दिवसापासून लग्नसराईची गर्दी लागली. गाडी भरभरून चालली. दहा वाजता आम्ही वलगावच्या पुढे होतो. प्रश्नांची घंटी वाजली. उत्तर मिळेपर्यंत दर दहा मिनिटांनी वाजत राहायचं, असंच मला शिकवलेलं होतं. मागच्या सीटवरून कोणीतरी ओरडलं, "अबे, तुयाच फोन वाजून राह्यला कवाचा!"

अनुपनं गाडी कडेला घेतली. अंगठा टेकवला आणि सहा वेळा 'नाही' दाबलं. "सकाळी तं चांगलीच होती," तो स्वतःशीच पुटपुटला. हिरवी खूण आली. घंटी थांबली. गाडी निघाली.

सातव्या दिवशी त्यानं गाडी कडेलाही घेतली नाही.

त्याच दिवशी दुपारी आशाताईंचा फोन आला. शकुनताई त्यांचं नाव, गावातल्याच आशासेविका. आठवड्याची भेट द्यायची होती त्यांना. "अनुप, बाळंतीण बरी आहे ना? यादीत हिरवी दिसून राह्यली. माह्याकडं आज तीन लाल आहेत, वरून साहेबाचं म्हणणं आहे, लाल आधी पाहा."

"हाव ताई, बरी आहे. तुमी आरामात या."

"मंग परवा येईन."

हे सगळं बोलणं माझ्यातून गेलं. मी ते जसंच्या तसं पोचवलं. चुकीचं बोलणंही मी तेवढ्याच स्वच्छ आवाजात पोचवतो.

आठव्या दिवशी सकाळी अनुप निघत होता. मी त्याच्या खिशात होतो. प्रियदर्शनी दारापर्यंत आली. "आवो, डोकं लय जड झालं. कालपासूनच दुखून राह्यलं."

"ऊन पाय ना कसं तापलं. पाणी पेत जाय," अनुप म्हणाला आणि चप्पल घालून निघाला.

दहाला घंटी वाजली. पहिलाच प्रश्न होता, डोकं दुखतं का? अनुपचा अंगठा क्षणभर थांबला, हे मी शपथेवर सांगतो. 'हो' दाबलं असतं तर फोन आले असते, कोणीतरी घरी आलं असतं, दोन फेऱ्या बुडाल्या असत्या. बाहेर आग पाखडणारं ऊन होतं, गाडीतल्या प्रत्येकाचंच डोकं दुखत असणार. त्यानं 'नाही' दाबलं. मग बाकीची पाच.

घरात त्या दिवशी काय झालं ते मला नंतर कळलं. अनुपच्या आईनं, मनकर्णाबाईंनी, सुनेचं डोकं घट्ट बांधून दिलं होतं. खोलीतला शेगडीचा धूर बाधला असेल असं वाटून शेगडी बाहेर काढली होती. गोळी दिली, गरम गरम खिचडी दिली. त्या माउलीनं जे जे ठाऊक होतं ते सारं केलं. ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं, आणि मी चाळीस किलोमीटरवर एका स्टँडमध्ये अडकून बसलो होतो.

नवव्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला आम्ही दर्यापूरच्या स्टॉपवर होतो, गाडी अर्धी भरली होती. अनुपचे वडील किसनराव यांचा फोन आला. म्हाताऱ्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "अनुप, लवकर ये. सून कशी तरी करून राह्यली. डोये फिरवले तिनं. हातपाय वाकडे झाले."

अनुपनं मागं वळून बघितलं. "घरी जा लागते," तो म्हणाला. मागची एक म्हातारी आपली पिशवी घेऊन आधी उतरली. "जाय बाबा तू. आमी पाहून घेऊ आमचं." तिच्यामागं सगळे उतरले.

घरी पोचलो तेव्हा झटका ओसरला होता, पण प्रियदर्शनी शुद्धीवर नव्हती. शेजारच्या बायका म्हणत होत्या, बाहेरचं काही लागलं. किसनराव ओरडले, "काही बाहेरचं गिहेरचं नाही! गाडीत टाका तिले!" दर्यापूरच्या डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं आणि अ‍ॅम्ब्युलन्सनं अमरावतीला पाठवलं. वाटेत तिला आणखी एक झटका आला. अनुपनं तिचा हात धरला होता. सकाळी दहापासून त्यानं दर वेळी घंटी दाबून उत्तरं पुढं ढकलली होती, म्हणून मी त्याच्या खिशात पुन्हा पुन्हा वाजत होतो. त्या दिवशीची उत्तरं अजून द्यायची होती.

दिवस मावळायच्या आत प्रियदर्शनी गेली. बीपी वाढून मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले.

रश्मी त्या दिवशी ड्यूटीवर होती. तिनं मला मागितलं. अनुपनं अंगठा लावून दिला. तिनं अ‍ॅप उघडलं आणि एकेक दिवस मागं सरकवत गेली. आठवा, सातवा, सहावा. सगळे हिरवे.

"डोकं दुखत नव्हतं तिचं?"

अनुप भिंतीला टेकला होता.

"दादा, मी विचारते आहे. डोकं दुखत नव्हतं?"

"दुखत होतं."

"मग हे काय आहे?"

रश्मीनं मला त्याच्या हातात दिलं नाही, शेजारच्या बाकावर ठेवलं आणि ती निघून गेली. किती तरी वेळ मला कोणी उचललं नाही.

सुगतला प्रियदर्शनीची आई भातकुलीला घेऊन गेली.

तीन आठवड्यांनी अकोल्याहून पत्र आलं. संस्थेचं कार्यालय अकोल्याला होतं, आणि या अ‍ॅपच्या कामापुरत्या आशाताई तिच्याच हाताखाली होत्या. चौकशी लागली होती, पण ती अनुपची नव्हे. शकुनताईंनी सातव्या दिवसाची भेट दिली नव्हती, म्हणून त्यांना कामावरून का कमी करू नये, अशी ती चौकशी. घरच्यांना फक्त जबाब द्यायला बोलावलं होतं.

"आपून काहून बोलाचं?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "तिनं यायले पायजे होतं. आली असती तं माही सून वाचली असती." किसनराव मान खाली घालून बसले होते. अनुपनं दोघांनाही काही सांगितलं नव्हतं. मला सगळं ठाऊक होतं आणि त्यालाही.

अकोल्याला शकुनताई आधी आत गेल्या. दार अर्धं उघडं होतं. साहेबांनी विचारलं, "भेट का दिली नाही?" ताई म्हणाल्या, "चुकलं माझं." साहेब म्हणाले, "कोणाला विचारलं तरी होतं का?" ताईंनी अनुपचं नाव घेतलं नाही. ज्याची बायको नुकतीच गेली, त्याच्याकडे बोट दाखवणं त्यांना जमलं नसावं.

अनुप उठला आणि न बोलावता आत गेला. मला टेबलावर ठेवून त्यानं माझं कुलूप उघडलं.

"यांनी फोन केला होता. हा पाहा, सातव्या दिवशी. मीच म्हटलं, बरी आहे, आरामात या. आन् हे तीन दिवसांचे उत्तरं तिचे नाहीत. मी गाडीत बसून दाबले. ती म्हणे डोकं दुखते, आन् मी 'नाही' दाबलं."

शकुनताईंनी पदर तोंडाशी धरला.

"हे लेखी द्याल?" साहेबांनी विचारलं.

"देतो."

त्यानं लिहून दिलं. शकुनताईंचं काम राहिलं, ताकीद मात्र मिळाली. अहवालात एक ओळ आली: 'कुटुंबाकडून चुकीची माहिती.' घरात चार मोठी माणसं आणि अ‍ॅप चालणारा मोबाइल एकच, तोही दिवसभर रस्त्यावर, हे त्या अहवालात कुठे आलं नाही.

त्या दिवशी परत आल्यावर अनुपनं आईवडलांना सगळं सांगितलं. किसनराव उठून अंगणात गेले. मनकर्णाबाई एवढंच म्हणाल्या, "मीबी तं डोकं बांधून देल्लं. मलेबी कुठं समजलं." मग माय-लेक दोघंही रडले.

तिथून तो भातकुलीला गेला. सासूसमोरही त्यानं तेच सांगितलं. तिनं शिवी दिली नाही, हात उचलला नाही. सुगतला त्याच्या हातात दिलं, थोड्या वेळानं परत घेतलं आणि दार लावून घेतलं. अजूनही तो दर रविवारी जातो. ती पोराला त्याच्या हातात देते. त्याच्याशी एक शब्द बोलत नाही.

आता मी गाडीत नसतो. अनुपनं साधा बटणांचा फोन घेतला आहे. मी घरातल्या फळीवर असतो. काचेला तडा गेला आहे, चार्ज फार टिकत नाही. मनकर्णाबाई कधीकधी मला पुसतात आणि परत ठेवतात.

मी वाईट यंत्र नाही. माझ्यातलं ते अ‍ॅपही वाईट नव्हतं. त्यातले सहाच्या सहा प्रश्न खरे होते. पण मला तोंड दिसत नाही. दारापर्यंत चालत येताना बाईनं भिंत धरली का, हे मला कळत नाही. ते तुम्हाला कळतं. म्हणून ज्यांच्या घरी आज बाळंतीण आहे त्यांना हात जोडून सांगतो. मला तिच्या हातात द्या आणि तुम्ही तिच्या शेजारी बसा. ती 'बरी आहे' म्हणाली, तरी लगेच उठू नका. अजून थोडा वेळ बसा.