खारवाडीचा अकरावा गडी

नाणेफेकीला दहा मिनिटे उरली, तरी खारवाडीचे दहाच गडी जमले होते. रहमानभाई रेताड मैदानाच्या कडेने येरझारा घालत होते. कतारच्या दोह्यात रत्नागिरीकडच्या गावांचे संघ हिवाळ्यात दर शुक्रवारी सकाळी क्रिकेट खेळत. गडी गावचेच हवेत, आजोळचा चालेल. अकरा भरले नाहीत तर संघ बाद. खारवाडीचा संघ रहमानभाईंच्या वडिलांनी उभा केला होता. अडतीस वर्षांत तो बाद झाला नव्हता.

अकरावे नाव त्यांनी मुलीच्या मुलाचे, जियादचे, लिहून टाकले होते. त्याला विचारले मात्र नव्हते. घरच्याच पोराला काय विचारायचे?

जियाद गाडीतून उतरला तो डोंगरपाखाडीची हिरवी जर्सी घालून. त्याच्या बापाचे, बापाच्या बापाचे गाव.

"नाना, सॉरी. पप्पांनी हीच घातली, दादांनी पण."

"अब्बा, त्याला कशाला ताणता?" जियादची आई बिलकिस म्हणाली. "खारवाडी बघितलीय तरी का त्यानं?"

"मग डोंगरपाखाडी बघितलीय काय?"

खारवाडीचा कप्तान जाफर धावत आला. "चाचा, आता काय करायचं?"

"माझं नाव लिही."

"सहासष्ट वय तुमचं!"

"नियमात वय कुठं आहे?"

शेवटच्या षटकात खारवाडीला सहा धावा हव्या होत्या. नऊ गडी बाद, समोर रहमानभाई, चेंडू जियादच्या हातात. पहिला चेंडू इतका हळू आला की जणू लहान मुलाकडे टाकलेला. रहमानभाईंनी तो सोडून दिला आणि बॅट टेकत तरातरा त्याच्याकडे गेले.

"हा काय बॉल?"

"लागेल ना तुम्हाला, नाना."

"तुझ्या दादानं मला असला कधी टाकला नाही. हिरवी घातलीस ना? मग नीट टाक."

पुढच्या चेंडूवर मधली यष्टी उडाली. हिरव्या जर्सीवाले नाचू लागले. जियाद तसाच उभा राहिला.

"जा, नाच तिकडे. बघतायत सगळे," रहमानभाई म्हणाले.

तंबूत कोणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. ती त्यांनी घेतली नाही, बसलेही नाहीत.

"जाफर, तुझ्या बहिणीचा जैद अल सद्दलाच राहतो ना?"

"हो चाचा. पण तो फुटबॉल—"

"चल, गाडी काढ. जुम्म्याच्या नमाजाआधी त्याच्या घरी पोचू, विचारू त्याला."