इब्लीसच्या शपथेला आमीन

नजमुद्दीन माझ्या फुफूचा, म्हणजे आत्याचा, हुस्नबानूचा मुलगा. आमचं लग्न ठरलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि त्याला नुकतं मिसरूड फुटत होतं. १९३१ साली तो मुंबईला बी.ए.च्या वर्गात होता, रेवदंड्याच्या आमच्या जमातीतून कॉलेजात गेलेला पहिलाच. निकाह रमजाननंतरच्या शव्वाल महिन्यात, म्हणजे तीन महिन्यांवर आला होता. मला तो आवडत होता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून कोणी म्हणेल, हिला मुळात लग्नच करायचं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत तो आला आणि आमच्या वाडीत सुपारीच्या झाडांमधून फेऱ्या मारत पाठांतर करू लागला. परीक्षेला कसलंसं जुनं इंग्रजी महाकाव्य होतं. त्यात शैतानाचं एक लांबलचक भाषण होतं, ते त्याला तोंडपाठ करायचं होतं. आवाज त्याचा असा, की रहाट हाकणारा गडीही बैल थांबवून ऐकत राही. मी खिडकीशी तांदूळ निवडत बसे आणि अर्थ विचारी.

"हा फौजेसकट वरून खाली पडलाय, आगीत," नजमू सांगे. "तरी उभा राहतो आणि शपथ घेतो. म्हणतो, हरलो तर हरलो. अल्लानं मातीतून जी दोन माणसं घडवलीत, ती मी त्याच्यापासून तोडीन."

"म्हणजे आपला इब्लीसच की! आणि कवी कुणाच्या बाजूचा?"

"तोच तर परीक्षेतला सवाल हाय," तो खुशीत येऊन म्हणाला. "तो वाईट हाय हे कवीला ठावं हाय. पण तो बोलाय लागला की बाकीचे सगळे फिके पडतात. मला तर तोच आवडतो."

"त्या दोघांनी त्याचं काय वाकडं केलं होतं?"

"कायबी न्हाय."

"मग आवडण्यासारखं काय हाय त्याच्यात?"

तो हसला. म्हणाला, तुला काव्य कळत नाही. नसेल कळत, म्हणून मी पुढचे तांदूळ सुपात ओढले.

त्याच आठवड्यात अब्बांचा नवा मचवा पाण्यात लोटायचा होता. आमच्यात नवी होडी फातेहा झाल्याशिवाय पाण्याला लावत नाहीत. खाडीच्या वाळूवर सगळे जमले. पुढे खलाशी, मागे जमातीची माणसं, आणि आम्ही बायका शिडाचं कापड आडवं बांधून त्याच्यामागे. मशिदीच्या खतीबसाहेबांनी फातेहा पढली, सगळ्यांनी दुआसाठी हात उचलले. दुआ अरबीत. तिचा अर्थ तिथे एकट्या खतीबसाहेबांना कळत होता. बाकीचे आवाज थांबला की आमीन म्हणायचे. लहानपणापासून सगळ्यांना तीच सवय.

दुआ संपली न संपली तोच अब्बा उठले. अब्बांना जावई मिरवायची भारी हौस.

"नजमू, पोरा, आता तुझं इंग्रजी होऊन जाऊ दे."

नजमू मचव्याच्या नाळीशी, पुढच्या टोकाला उभा राहिला. लोकांचे हात अजून उचललेलेच होते. मला वाटलं, दुसरं काहीतरी म्हणेल. पण त्याने तेच शैतानाचं भाषण सुरू केलं. खिडकीशी ऐकून ऐकून त्यातली ओळ न ओळ मला ओळखू येत होती. पहिल्या चार ओळींनंतर तो श्वास घ्यायला थांबला आणि दोनशे माणसं एका सुरात म्हणाली, "आमीन."

त्याहून वाईट सांगते. अर्थ ठाऊक असूनही त्या पहिल्या आमीनमध्ये माझाही आवाज होता. आपसूक निघाला तोंडातून.

आता हा थांबेल, असं मला वाटत होतं. एका क्षणी त्याने चमकून लोकांकडे पाहिलंही. मग त्याची मान ताठ झाली, आवाज आणखी चढला. त्या दोन माणसांना तोडण्याची शपथ आली. आमीन. त्यांचं घर उजाड करण्याची आली. आमीन. माझ्या शेजारी फुफू हुंदके देत होती. खलाश्यांमधला म्हातारा धर्मा कोळी, तोही हात जोडून डोळे पुसत होता.

"सुभानल्ला," शेवटी खतीबसाहेब म्हणाले. "बेटा, याची मानी काय, अर्थ काय?"

या घडीलाही तो खरं बोलला असता, तर मी त्याला माफ केलं असतं. लोक रागावले असते, पुन्हा फातेहा झाली असती, आणि चार दिवसांनी सगळे हसले असते. पण नजमू त्याच गोड आवाजात म्हणाला, "ही आदम बाबांची तौबा हाय. जन्नतीतून निघताना ते रडून अल्लाची माफी मागतात."

आणि लगेच एकेक ओळ घेऊन त्याने खोटा अर्थ रचून सांगितला. इतका सुंदर, की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. लोक नव्याने रडायला लागले. त्या माणसांनी त्याचं काय वाकडं केलं होतं? माझा राग मला आवरेना.

"खोटं हाय!" मी कापडाआडून ओरडले. "ती तौबा न्हाय, इब्लीसची शपथ हाय. आपण सगळे तिला आमीन म्हणालो."

खतीबसाहेबांचे हात खाली आले. अब्बा त्याच्याकडे वळले. "नजमू, ही काय बोलते?"

नजमूने कापडाकडे पाहिलं. मी दिसत नव्हते, पण कुठे उभी आहे हे त्याला ठाऊक होतं. तो हलकेच हसला.

"मामू, मुनिराला इंग्रजीचं अक्षर येत न्हाय. मी वाडीत तिची चेष्टा केली होती. तिनं ती खरी मानली."

आधी कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळे हसले. अब्बाही सुटल्यासारखे हसले. फुफूने माझ्या दंडाला चिमटा काढला. माझा माणूस दोनशे लोकांपुढे मला वेडी ठरवतो, आणि तेही हसत हसत! मचवा पाण्यात गेला, गूळखोबरं वाटलं गेलं.

संध्याकाळी तो मागच्या दारी आला. "खरं सांगितलं असतं तर एकही खलाशी त्या मचव्यात पाय ठेवता ना. मामूंचं केवढं नुकसान! मी भल्यासाठीच केलं."

"आणि मी?"

"तू तर घरचीच. तुला मागाहून समजावता येईल म्हटलं."

त्याचं बोलणं ऐकता ऐकता मला ते पटायलाही लागलं होतं, त्याचीच मला भीती वाटली. "अब्बांना जाऊन खरं सांग," मी म्हणाले.

"निकाह झाला की सांगतो."

मी अब्बांना सांगितलं, मला हे लग्न नको. ते म्हणाले, चेष्टेवरून कोणी लग्न मोडत नाही. खतीबसाहेबांकडे निरोप धाडला. त्यांनी माझं वेड उतरायला दुआ पढून फुंकलेलं पाणी पाठवलं. फुफू दागिन्यांची मापं घेऊन गेली. तीन महिने एकाही माणसाने मला विचारलं नाही की ते खरंच इब्लीसचं होतं का.

शव्वालमध्ये मांडव उभा राहिला. आमच्यात वकील दोन साक्षीदार घेऊन आत येतो आणि नवरीला तीनदा विचारतो. नवरी लाजून गप्प राहते, आणि गप्प राहिली म्हणजे कबूल आहे असं धरतात. माझे वकील चाचा होते. ते बिचारे घाईत होते, बाहेर जेवणं खोळंबली होती. पहिल्यांदा विचारून ते थांबलेसुद्धा नाहीत, लगेच दुसऱ्यांदा विचारायला लागले.

"न्हाय," मी म्हणाले.

चाचांना वाटलं त्यांच्याच ऐकण्यात चूक झाली. तिसऱ्यांदा त्यांनी सावकाश, नावं घेऊन विचारलं, आणि मी मोठ्याने तेच सांगितलं. बायका किंचाळल्या. फुफू धावत आली, माझं तोंड दोन्ही हातांनी दाबून रडत म्हणाली, "ही पोरगी बोलत न्हाय गो, हिच्या तोंडातून इब्लीस बोलतोय!"

मी तिचे हात बाजूला केले. इब्लीस इतकं थोडं बोलत नाही, असं तिला सांगावंसं वाटलं, पण तिचा चेहरा बघवेना. मी चाचांकडे पाहिलं. माझं उत्तर सांगायला ते साक्षीदारांना घेऊन बाहेर गेले, आणि मांडवातला आवाज हळूहळू बंद झाला.