वायरलेसवाल्याची झोप

प्रशांत महासागरातल्या युद्धावर मी एकतीस वर्षं काढली. महासागर पाहिलेला नाही. मला तळ्यातल्या होडीतही मळमळतं. जमेच्या बाजूला शोध एकच: एका बेटावरचा वायरलेसवाला झोपला. मुख्यालयाने आठ तारखेला पाठवलेला इशारा त्याने नऊला पुढे धाडला आणि जहाज बुडालं. ‘झोपला’ हा शब्द माझा. पुराव्यात नव्हता, पण वाक्यात झकास बसला. त्या एका डुलकीवर मला प्राध्यापकी, खिडकीजवळची खोली आणि पुस्तकाच्या चार आवृत्त्या मिळाल्या.

पाचवी सोमवारी छापायला जायची होती. रविवारी सकाळी त्या वायरलेसवाल्याची मुलगी दारात उभी राहिली. निवृत्त शिक्षिका. तिने पिशवीतून वडिलांची वही काढली.

“सर, बाबा शेवटपर्यंत सांगायचे, आला तसा पाठवला म्हणून. तुमचं पुस्तक आलं आणि त्यांनी चारचौघांत जाणं सोडलं. ते एक वाक्य तेवढं काढा.”

“बाई, वाईट मलाही वाटतं,” मी वर्गातला आवाज लावला. “पण तारखांचं काय करू? मुख्यालयाची आठ, वडिलांची नऊ. त्यांच्याच अक्षरात!”

आत बायको फोनवर होती. तिची बहीण त्याच महासागराच्या पलीकडच्या काठावर राहते.

“अगं ताई, रविवारचे कसले भावोजी ऑफिसात? हां, तुमच्याकडे अजून शनिवारच नाही का!”

मी भिंतीकडे पाहिलं. तिथल्या महासागराच्या नकाशाचे दोन तक्ते मीच जोडले होते. तारीख बदलते ती रेषा नेमकी सांध्यात, डिंकाखाली. मुख्यालय तिच्या पलीकडे, बेट अलीकडे. त्यांची आठ तीच यांची नऊ.

बायको चहा घेऊन आली. “अहो, चेहरा का पडला?”

“एका माणसाला मी उगाच झोपवलं.”

“तुमच्या तासाला? एकालाच?”

क्षणभर मी हिशेब मांडला. वाक्य गुपचूप काढलं तर उपकार माझे आणि चूक कुणाचीच नाही. पण बाई वहीवरून हात फिरवत होत्या. मी सगळं सांगून टाकलं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. “म्हणजे शाळेतल्या भूगोलात नापास.”

“हो.”

“मग वाक्य काढू नका. ते खोडून खाली खरं लिहा. चूक कुणाची तेही, नावासकट.”

“लिहितो. आज रविवार आहे, छापखान्यात उद्या कळवतो.”

बाईंनी उचललेला कप खाली ठेवला.

“सर, निरोप हातात आला की लगेच पुढे पाठवायचा असतो.”

मी छापखानेवाल्याच्या घरचा नंबर फिरवला. तो अजून झोपलेला होता. मी त्याला उठवायला सांगितलं.