तिसऱ्यांदा विचारायचं

सार्जंट असम्प्टा हेहिर एनिसच्या मुख्य ठाण्यातल्या साहेबांपुढे दोन वर्षं तोंड वेंगाडत होती. कारहूमोरच्या ठाण्यात आपल्या जोडीला आणखी एक माणूस द्या, एवढंच तिचं मागणं. एकटीने ठाणं चालवायचं म्हणजे ती बाहेर पडली की दाराला कुलूप. कुलूप दिसलं की गावकरी आपली तक्रार घेऊन सरळ पबमध्ये जायचे, आणि तिथून ती तक्रार ठाण्यात पोचेपर्यंत तिला दहा पाय फुटलेले असायचे.

शेवटी साहेबांनी माणूस दिला. प्रशिक्षण संपवून नुकताच गणवेश चढवलेला, उमेदवारीवरचा, नाव रायमंड्स ओझोल्स. आता त्याची उमेदवारी संपत आली होती. शुक्रवारपर्यंत अहवाल पाठवायचा होता, आणि त्यात काय लिहावं या विचाराने असम्प्टाचं डोकं उठलं होतं. 'अयोग्य' लिहिलं तर पोराची नोकरी गेली आणि त्या नोकरीबरोबर ठाण्यातली जागाही गेली. साहेबांनी फोनवर ठणकावून सांगितलं होतं, "हा नको असेल तर दुसरा मागायला येऊ नकोस." 'योग्य' लिहिलं, तर हे ध्यान पुढची तीस वर्षं लोकांच्या दारात उभं करण्याचं पाप आपल्या माथी.

पोरगा वाईट असता तर सोपं होतं. पण तो वेळेवर यायचा, बूट चकचकीत ठेवायचा, कायद्याची कलमं त्याला तोंडपाठ होती आणि गाडी तर असम्प्टापेक्षा चांगली चालवायचा. इतका उंच, की गावाने पहिल्याच दिवशी त्याचं नाव लांब्या ठेवून टाकलं. पंधराव्या वर्षी आईबरोबर लाटव्हियातून डब्लिनला आलेला, तिथेच वाढलेला. त्याच्यात खोट एकच होती. कुणी नाही म्हटलं की त्याला ते खरंच वाटायचं.

आता क्लेअर परगण्याच्या किनाऱ्यावर पहिल्या 'नाही'ला कोण किंमत देतं? पहिलं 'नाही' रीत म्हणून म्हणायचं. दुसरं, समोरचा मनापासून विचारतोय की नुसता तोंडदेखलं, हे बघायला. तिसऱ्यांदा विचारलं की मग माणूस काय ते बोलतो. चहाचं असंच, लग्नाचं असंच आणि पोलिसांच्या चौकशीचंही असंच. असम्प्टाला हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि दुसऱ्याला हे शिकवावं लागेल असंही तिला कधी वाटलं नव्हतं.

टूबरिडींचा ट्रेलर चोरीला गेला तेव्हा रायमंड्स समोरच्या गॅल्विनबाईंकडे चौकशीला गेला आणि गेल्या पावली परत आला.

"काय म्हणाली?"

"काही पाहिलं नाही म्हणाली."

"किती वेळा विचारलंस?"

"एकदा."

"एकदाच का?"

"ती नाही म्हणाली, सार्जंट."

असम्प्टा स्वतः गेली. चहा झाला, गॅल्विनबाईंच्या गुडघ्याचं झालं, आणि तिसऱ्या खेपेला बाईंनी गाडीचा रंग, हाकणाऱ्याचं नाव आणि त्याची सासू कोणत्या इस्पितळात आहे इथवर सगळं सांगितलं. ट्रेलर संध्याकाळी मिळाला.

मग एका मयताच्या घरी लोक भेटायला जमले होते, तिथे यजमानीण हॅमच्या सँडविचची बशी घेऊन आली. रायमंड्स म्हणाला, "नको," आणि वर हसलासुद्धा. बाई बशी घेऊन तिथेच उभी राहिली, कारण पुढे काय करायचं हेच तिला कळेना. पुढे आठवडाभर असम्प्टाला दुकानात, चर्चच्या पायरीवर, पेट्रोल पंपावर ऐकून घ्यावं लागलं, "तुझ्या लांब्याला आमच्या हॅमचं काय वावडं आहे गं?"

"अरे, भूक नव्हती तर खिशात घालायचं," ती त्याला म्हणाली होती.

"पण मग त्यांनी विचारलं कशाला?"

"तुझ्या घरी काय करतात?" असं तिने विचारलं.

"आमच्याकडे नको म्हटलं की आई ताट उचलते," तो शांतपणे म्हणाला. "म्हणून आम्ही विचार करून नको म्हणतो."

हे सगळं असम्प्टाने पोटात घातलं असतं. पण त्या मंगळवारी गावच्या नर्सचा फोन आला. डीलिया मेस्कल, सत्तरी ओलांडलेली, गल्लीच्या टोकाच्या शेतघरात धाकट्या भावाबरोबर राहणारी. दोघांचीही लग्नं झाली नव्हती. डीलियाच्या दंडावर बोटांचे वळ आहेत, आणि हे पहिल्यांदा नाही, असं नर्स म्हणाली. असम्प्टा कोर्टाच्या कामाला एनिसला गेलेली, म्हणून फोन रायमंड्सने घेतला आणि तोच जाऊन आला.

"पडली म्हणते," त्याने सांगितलं.

असम्प्टाने कोटही काढला नव्हता. "किती वेळा विचारलंस?"

तो आपल्या चकचकीत बुटांकडे बघू लागला.

"ओझोल्स, किती वेळा?"

"एकदा. पण नीट विचारलं."

"पॅकी घरात होता?"

"भाऊ? हो, शेजारच्या खोलीत."

असम्प्टा खुर्चीत बसली. मग तिच्या तोंडून शब्द फुटले, ते सगळे त्याच्या आईने ऐकू नयेत असे होते. रायमंड्स ताठ उभा राहून ऐकत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. त्या रात्री झोपण्याआधी तिने मनाशी ठरवून टाकलं की 'अयोग्य'च लिहायचं. जागा गेली तर गेली.

दुसऱ्या दिवशी गुरांचा बाजार होता, म्हणजे पॅकी दुपारपर्यंत घरी नसणार. "चल," ती रायमंड्सला म्हणाली. "कसं विचारतात ते डोळे उघडून बघ. आणि तोंड बंद ठेव."

डीलियाने दार उघडलं. लोकरी स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या. "असम्प्टा, ये गं पोरी. चहा टाकते."

"नको डीलिया, आत्ताच घेऊन निघालो."

"घोटभर घे."

"नको, उगाच तुम्हाला त्रास."

"त्रास कसला, आधण ठेवलेलंच आहे."

"आता तुम्ही इतकं म्हणताय तर, अर्धाच कप."

डीलियाने चहा डाव्या हाताने ओतला आणि कप काठोकाठ भरला. रायमंड्सपुढेही ठेवला. असम्प्टाने टेबलाखालून त्याच्या बुटावर बूट दाबला, तेव्हा त्याने मुकाट्याने उचलला.

मग वासरांचं झालं, पावसाने कुजलेल्या गवताचं झालं, नव्या पाद्र्याच्या लांबलचक प्रवचनांचं झालं. ब्रेडचे दोन काप संपल्यावर असम्प्टाने कप खाली ठेवला. "हात कसा आहे, डीलिया?"

"बरा आहे. पडले गं. पायरी ओली होती."

"पायरीनेच केलं ना?"

"पायरीनेच. दुसरं काय असणार?"

असम्प्टा पुढे वाकून हळू आवाजात म्हणाली, "पॅकीचं काही नाही ना? माझ्याशी बोललात तर बरं होईल."

डीलियाने टेबलावरचे ब्रेडचे कण तळहाताने गोळा केले. "पॅकीचं काही नाही."

झाली तिन्ही 'नाही'. चौथ्यांदा विचारणं म्हणजे बाईला तिच्याच स्वयंपाकघरात खोटं ठरवणं, आणि ते असम्प्टाच्याने होत नव्हतं. ईस्टरला ती इथे अशीच आली होती, त्याआधी नाताळातही. असाच चहा, असेच ब्रेडचे कण. दर वेळी उठताना ती तेच वाक्य बोलायची, आणि आताही बोलली, "बरं, कधी काही वाटलं तर फोन करा हं."

"करीन की. तू येत जा."

दोघींना त्या वाक्यांची सवय झाली होती. असम्प्टा दाराशी पोचली तेव्हा तिला कळलं की रायमंड्स मागे टेबलाशीच उभा आहे.

"डीलिया," तो म्हणाला, "तुम्ही नाही म्हणालात. काल मलाही नाही म्हणालात. ठीक आहे. तुम्ही पडलात. माझा विश्वास आहे. आता आम्ही पुन्हा याबद्दल विचारायला येणार नाही."

असम्प्टाला त्याची मानगूट धरावीशी वाटली. असं कुणी बोलतं का? दार कायमचं लावून घ्यायचं, तेही बाईच्या तोंडावर? ती काहीतरी सारवासारव करायला वळली, तर डीलिया तिच्याकडे बघतच नव्हती. ती लांब्याकडे बघत होती.

"येणार नाही म्हणजे?"

"म्हणजे येणार नाही. तुम्हाला नको असताना कशाला त्रास द्यायचा?"

"असम्प्टा येईल की."

रायमंड्सने असम्प्टाकडे पाहिलं. त्याला खरंच उत्तर हवं होतं. आणि असम्प्टाला, कोण जाणे का, नेहमीचं उत्तर देता आलं नाही.

डीलियाचा चांगला हात टेबलाची कड धरून होता. इतकी वर्षं ती नाही म्हणत आली होती आणि तिचं 'नाही' आजवर कुणी खरं धरलं नव्हतं. दर वेळी कुणीतरी पुन्हा येणार, पुन्हा विचारणार, या भरवशावर ती ते म्हणत होती. आज एकाने ते खरं धरलं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"बस रे लांब्या," ती म्हणाली. "बस खाली."

तो बसला. डीलियाने उजवी बाही वर सारली. मग तिने सांगितलं, फार लांबण न लावता. बाजारात भाव पडला की दार, दारू झाली की दार. दंड धरायचा आणि दारावर आपटायचं. आईच्या मरणानंतर सुरू झालं. "पण तो माझा लहान भाऊ आहे," असं ती दोनदा म्हणाली, आणि दोन्ही वेळा रडली. असम्प्टाने तिचा हात धरला आणि रायमंड्सने सगळं लिहून घेतलं. दुपारी तिला भाचीच्या घरी पोचवलं. पॅकीला बाजाराच्या फाटकाशीच गाठला आणि एनिसच्या ठाण्यात नेऊन सोपवला.

परतताना गाडी रायमंड्स चालवणार होता. असम्प्टाने किल्ली हिसकावून घेतली, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

"चांगली युक्ती होती," ती काही वेळाने म्हणाली. मान्य करायला जीवावर आलं होतं.

"कसली युक्ती?"

"तीच. येणार नाही म्हणून घाबरवलंस ते."

"युक्ती नव्हती, सार्जंट. त्या नाही म्हणाल्या."

असम्प्टाने गाडी कडेला घेतली आणि थांबवली. "म्हणजे तिने बस म्हटलं नसतं, तर तू खरंच निघाला असतास?"

"हो."

"आणि परत गेला नसतास?"

त्याने विचार केला. "नसतो गेलो," तो म्हणाला, आणि मग खाली बघून, "आता जाईन."

असम्प्टाने स्टिअरिंगवर हात आपटला. या पोरावर सोडलं असतं तर ती बाई त्या घरातच राहिली असती. आणि खरं सांगायचं तर आपल्यावर सोडलं असतं तरी राहिली असती, पुढच्या नाताळापर्यंत चहा पीत. राग कुणावर काढावा तेच तिला कळेना. दोघांपैकी एकटं कुणीच कामाचं नव्हतं, याचा तिला सगळ्यात जास्त राग आला.

"'योग्य' लिहिणार आहे," ती तोडून बोलली. "हुरळून जाऊ नकोस. नाइलाज आहे."

"थँक यू, सार्जंट."

"आता तुला डब्लिनला बदली मागता येईल. आई आहे तिकडे. मागितलंस की देतील."

"माहीत आहे."

काचेवर पाऊस येत होता. तिने वायपर लावला, बंद केला, पुन्हा लावला. "की इथेच राहशील?"

"नको, सार्जंट."

दुसरं कुणी असतं तर तिने ते कानाआड केलं असतं. पण हा ओझोल्स. याच्या घरी नको म्हटलं की ताट उचलतात. तिला दाराचं कुलूप दिसलं, पबमधून पाय फुटून येणाऱ्या तक्रारी दिसल्या. ती "बरं" म्हणाली. गाडी सुरू केली. पण तिला राहवलं नाही.

"गॅल्विनबाई वरची खोली द्यायला तयार आहेत. ऊब असते तिथे."

"नको," तो म्हणाला, "उगाच तुम्हाला त्रास."

असम्प्टाने मान वळवली. तो समोरच्या रस्त्याकडे बघत होता, चेहरा खांबासारखा कोरा. इतक्या महिन्यांत हे वाक्य त्याच्या तोंडून एकदाही आलं नव्हतं. तो आपली टर उडवतोय की खरंच काही शिकलाय, हे तिला कळेना, आणि त्या न कळण्याने ती आणखीच वैतागली.

"ओझोल्स, तिसऱ्यांदा विचारते आहे. चौथ्यांदा विचारणार नाही, आधीच सांगते. राहतोस का?"

त्याने सवयीप्रमाणे नीट विचार केला.

"आता तुम्ही इतकं म्हणताय तर," तो म्हणाला, "राहतो थोडे दिवस."

थोडे दिवस म्हणजे किती, हे तिने विचारलं नाही. अर्धा कप मागितला म्हणून कुणाला अर्धा मिळालेला तिने जन्मात पाहिला नव्हता.