तपासलेली बंदूक

कमी झोपणाऱ्या माणसाचं आपल्याकडे भारी कौतुक! 'चारच तास झोपतात हो,' असं सांगताना घरच्यांची छाती फुगते. हवालदार मनसारामलाही याच गोष्टीचा अभिमान होता. २००३ साली चंद्रपूरकडच्या जंगलातल्या एका प्रशिक्षण केंद्रात तो नव्या जवानांना नेमबाजी शिकवत असे. एकाचं जरी काही चुकलं, तरी रात्री शिट्टी मारून तीसही जणांना मैदानावर उभं करायचा. "फौजी झोपला का मेला!" हे त्याचं ठरलेलं वाक्य. स्वतःही तो त्यांच्यासोबत जागायचा, हे मात्र कबूल करायला हवं.

त्या आठवड्यात सलग चार रात्री शिट्टी वाजली. चुकत होता इतवारी. कुरखेड्याकडचा हा जवान आला तेव्हा दहातल्या नऊ गोळ्या नेमक्या मारायचा. आता तीनसुद्धा लागेनात. सोमवारी परीक्षा होती, आणि नापास होणाऱ्याला घरी पाठवत. भरती झाला म्हणून त्याच्या आईनं तर गावभर गूळ वाटला होता.

शनिवारी दुपारी सराव आटोपून तुकडी ट्रकनं परतली आणि बंदुका जमा करू लागली. शस्त्रागारात भद्रावतीचा नूर मोहम्मद मिस्त्री बसायचा. बंदुका दुरुस्त करण्यातच त्याचे केस पिकले होते. त्यानं इतवारीच्या बंदुकीचा बोल्ट ओढला आणि फरशीवर टणकन एक गोळी पडली. जिवंत गोळी!

"नालायका!" मनसारामनं हात उगारला. "ट्रकमंधी तीस जनं होते! कोनाचा जीव गेला असता तं?"

"थांबा हवालदारसाहेब," नूर मोहम्मद मध्ये आला. "याच्यानंतर बंदूक कोनं तपासली?"

मैदान सोडण्याआधी प्रत्येक बंदूक रिकामी आहे का ते पाहून 'ठीक' म्हणायचं काम मनसारामचं होतं. त्यानं 'ठीक' म्हटलंही होतं. पण पाहिलं होतं का? काही केल्या आठवेना! उगारलेला हात हळूहळू खाली आला.

"मीच," तो कसाबसा म्हणाला.

"चार रात्रीचे जागे तुमी, अन् हा बी. गोळ्याचं मॅगझिन म्या कधी भरून ठेवत नाई. आतली स्प्रिंग सदा दाबलेली राह्यली तं ऐन वक्ताले दगा देते. मानसाचं का वेगळं हाय?"

"पन नूरभाऊ, लढाईत कोन झोपू देते?"

"नाई देत. म्हनून तं इथी नीट शिकाले पायजे! रातचा सराव घ्या ना, कोन नाई म्हनते? पन मंग दुसऱ्या दिवशी झोपू द्या. पेंगत शिकलेलं ध्यानात राह्यत नाई, साहेब."

मनसाराम तडक सुभेदारांकडे गेला. गोळीची आणि स्वतःच्या चुकीची, दोन्ही गोष्टी सांगितल्या. ते खूप रागावले. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. शनिवारी आणि रविवारी रात्री शिट्टी वाजली नाही.

सोमवारी इतवारीच्या आठ गोळ्या लागल्या! मनसारामचे डोळे भरून आले.

"साहेब, आज निशान एकच दिसलं," इतवारी हसत म्हणाला. "मागच्या हप्त्यात दोन-दोन दिसत होते."

"मंग सांगलं काऊन नाई?"

"सांगलं असतं तं रातच्याले अजून उभं केलं असतं ना तुमी!"

 मनसारामनं इतवारीच्या खांद्यावर हात ठेवला.

मंडळी, कुणाच्या हाती आपण बंदूक देतो, कुणाच्या हाती एसटीचं स्टिअरिंग, तर कुणाच्या हाती इंजेक्शनची सुई. त्यांच्या जागरणाचं कौतुक पुरे झालं. त्यांना पोटभर झोप मिळते का, हे विचारायला शिकूया. कारण त्या ट्रकमध्ये आपलंही कुणीतरी बसलेलं असतं.