वळांची नोंद

मी स्मृतीचा लॅपटॉप बोलतोय. माझं झाकण नीट मिटत नाही, त्यामुळे बंद असतानाही घरातलं सगळं मला ऐकू येतं.

व्हाइटफील्डच्या एका आयटीवाल्यानं चार वर्षं राबवून मला विकलं. तिथून अहल्याबाईंनी मला बनशंकरीला आणलं, मुलीसाठी. घर मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथंच, कानडी मुलखात मुरलेलं. स्मृतीच्या वडलांना, त्रिविक्रमना, सगळे अण्णा म्हणत. औषध कंपनीची बॅग मांडीवर घेऊन ते पंचवीस वर्षं डॉक्टरांच्या दाराबाहेर बसले होते. मुलीनं त्या दाराच्या आत बसावं, हा त्यांचा हट्ट. म्हणून पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, स्मृतीनं कॉम्प्युटर सोडून जीवशास्त्र घेतलं. मेडिकलची ‘नीट’ परीक्षा दोनदा दिली, दोन्हीदा हुकली. मग आईला सोबत घेऊन तिनं कॉम्प्युटर सायन्सला नाव घातलं. अण्णा महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत.

वर्गातली बाकीची मुलं शाळेपासून कोडिंग करत आलेली. स्मृतीची बोटं माझ्यावर चाचपडायची. एक अर्धविराम राहिला तर मी लाल ओळ दाखवायचो आणि ती माझीच माफी मागायची. पण पोरगी चिवट. एक फंक्शन स्वतःलाच पुन्हापुन्हा बोलावतं, हे तिला कळेना, तेव्हा तिनं वहीत पेशी काढली. एकीच्या दोन, दोनाच्या चार. खाली लिहिलं, ‘थांबायची खूण विसरली तर कॅन्सर.’ त्या दिवसापासून तिला ते कधी चुकलं नाही.

पहिल्या परीक्षेत मात्र पन्नासपैकी सात पडले. अण्णांनी ते माझ्याच पडद्यावर वाचलं, मला उचललं आणि भिंतीवर फेकलं. माझा कोपरा चेपला. मग एक थप्पड स्मृतीच्या कानाखाली बसली.

त्यानंतर हात थांबला नाही. कधी भाजीत मीठ जास्त म्हणून अहल्याबाईंना, कधी उलट बोलली म्हणून मुलीला. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून दोघी तोंडात पदर, ओढणी कोंबत. मला हात असते तर, असं मला फार वाटायचं.

मग एका रविवारी सकाळी अण्णा नीटचा तिसरा फॉर्म घेऊन आले.

“कॉलेज बंद. सही कर.”

“नाही करणार, अण्णा. या वेळी एकतीस पडलेत मला.”

त्यांनी माझ्या चार्जरची वायर उपटली. माझ्याच अंगातून निघालेल्या त्या वायरीनं त्यांनी तिला झोडपलं. पाठीवर, दंडावर. अहल्याबाई मध्ये पडल्या, तर त्यांना ढकललं, त्यांचं कपाळ टेबलावर आपटलं. तरीही स्मृती सही करेना. तेव्हा अण्णांनी शोकेसच्या काचेवर मूठ हाणली.

काच फुटली आणि मनगटातून रक्ताची चिळकांडी उडाली. अण्णा मटकन खाली बसले.

स्मृती क्षणभर नुसती बघत राहिली. काय चाललं असेल तिच्या मनात, ते मला अजून ठाऊक नाही. मग ती धावली. ओढणीची घडी जखमेवर दाबली, दुसऱ्या हातानं दंडाच्या आतली नस आवळून धरली. हाताला टेकू हवा म्हणून तिनं अहल्याबाईंना मलाही रिक्षात घ्यायला लावलं आणि मला मांडीवर उभं करून त्यांचा हात माझ्यावर उंच टेकवला. रक्त माझ्या कळांमध्ये झिरपत राहिलं. तिच्या पाठीवरचं रक्त मात्र कुणी पाहत नव्हतं.

टाके घालून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, “नस बरोबर दाबली होती. मेडिकलला आहेस?”

“नाही. कॉम्प्युटर सायन्स.”

“कसं लागलं यांना?”

“पाय घसरला,” अण्णा घाईनं म्हणाले.

स्मृतीनं बाही वर केली. “मला मारता मारता लागलं. या वळांचीही नोंद करा.”

डॉक्टरांनी हॉस्पिटलातल्या पोलीस चौकीवरच्या हवालदाराला, मल्लाप्पांना बोलावलं. अण्णा म्हणाले, “घरातली गोष्ट आहे, साहेब.” मल्लाप्पांनी अहल्याबाईंकडे पाहिलं. कपाळावरचं टेंगूळ पदरानं झाकून त्या खाली बघत होत्या. मग त्यांनी पदर सोडला.

“सरी, ठीक आहे, लिहून घ्या. माझंही.”

आता मायलेकी यशवंतपूरला एका खोलीत राहतात. अण्णा जामिनावर आहेत. एकदा गल्लीच्या तोंडाशी उभे होते, बॅग घेऊन. स्मृतीनं खिडकी लावून घेतली.

माझ्या चार कळा रक्तानं चिकटल्यात, पंखा घरघरतो. फार दिवस उरले नाहीत मला. पण सध्या माझ्यावर अहल्याबाई बसतात. वकिलांनी सांगितलंय, काय काय झालं ते सगळं, लग्नापासूनचं, लिहून आणा. त्या एका बोटानं एकेक अक्षर शोधतात. दोन दिवसांत तीन ओळी झाल्यात.

“मी करून देऊ टाइप?” स्मृतीनं काल विचारलं.

“नको ग. स्वल्प थांब. माझं मी लिहिते.”

मीही थांबलोय. एवढं लिहून होईपर्यंत मला बंद पडू देऊ नका.